इब्न रुश्द: कॉर्डोबात जाळलेली आणि पॅरिसमध्ये वाचली गेलेली पुस्तकं

सलमान रश्दी यांचा जन्म १९४७ साली मुंबईत झाला. पण रश्दी हे त्यांच्या घराण्याचं जुनं आडनाव नव्हे. त्यांचे वडील अनीस अहमद यांनी ते स्वतः निवडलं होतं, बाराव्या शतकात स्पेनमध्ये होऊन गेलेल्या एका तत्त्वज्ञाच्या नावावरून. त्या तत्त्वज्ञाचं नाव इब्न रुश्द. मराठीत आपण रश्दी लिहितो, मूळ अरबी उच्चार रुश्दच्या जवळचा आहे. धर्मग्रंथाच्या शब्दाला शब्द धरून बसण्याविरुद्ध तर्काची बाजू मांडणारा माणूस म्हणून अनीस अहमद यांना इब्न रुश्द यांच्याबद्दल आदर होता.

पुढे मुलाच्या पुस्तकावरून जगभर वाद झाला, फतवा निघाला आणि २०२२ मध्ये अमेरिकेत एका व्यासपीठावर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यामुळे या आडनावाची गोष्ट आज वेगळीच वाटते. कारण ज्यांच्यावरून ते घेतलं, त्या इब्न रुश्द यांचीही पुस्तकं जाळली गेली होती आणि त्यांनाही शहराबाहेर काढण्यात आलं होतं.

हे इब्न रुश्द नेमके कोण होते? धर्म आणि तर्क यांच्याबद्दल त्यांचं म्हणणं काय होतं? आणि साडेआठशे वर्षांनंतरही त्यांचं नाव का निघतं?

काझींच्या घरातला मुलगा

अबू अल-वलीद मुहम्मद इब्न अहमद इब्न रुश्द यांचा जन्म ११२६ साली कॉर्डोबा शहरात झाला. आजच्या स्पेनच्या दक्षिणेकडचं हे शहर. त्या काळी स्पेन आणि पोर्तुगालच्या मोठ्या भागावर मुस्लिम राजवटी होत्या आणि त्या प्रदेशाला अल-अंदलुस म्हणत.

घराणं न्यायाधीशांचं. आजोबा कॉर्डोबाचे मुख्य काझी होते, तिथल्या प्रसिद्ध मशिदीचे इमाम होते आणि मालिकी या कायदेपरंपरेतले मोठे जाणकार म्हणून ओळखले जात. नातू जन्मला त्याच वर्षी ते वारले. आजोबा आणि नातू यांची नावं इतकी सारखी की ओळखताना गोंधळ होऊ नये म्हणून अरबी ग्रंथांत एकाला आजोबा आणि दुसऱ्याला नातू असं जोडून लिहितात. वडीलही काझीच होते.

साहजिकच मुलाचं शिक्षण कुराण, हदीस आणि कायदा यांपासून सुरू झालं. त्याला वैद्यक, गणित, खगोल आणि तत्त्वज्ञान यांची जोड मिळाली. अभ्यासाचा नाद एवढा की जाणत्या वयापासून फक्त दोन रात्री त्यांनी पुस्तक हातात घेतलं नाही, अशी आख्यायिका चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. एक, वडील वारले ती रात्र आणि दुसरी, स्वतःच्या लग्नाची रात्र.

ते विशीत होते तेव्हा राज्य बदललं. अल्मोराविद घराण्याची सत्ता गेली आणि मोरोक्कोतून आलेल्या अल्मोहादांची आली. नवी राजवट धर्माच्या बाबतीत कडक होती. तिच्या काळात अनेक ज्यू आणि ख्रिस्ती लोकांना धर्म बदला किंवा देश सोडा, असा पेच पडला. कॉर्डोबातच जन्मलेले थोर ज्यू विचारवंत मायमोनिडीस यांच्या कुटुंबालाही शहर सोडावं लागलं. पण याच राजवटीच्या काही खलिफांना तत्त्वज्ञानाची आवड होती. इब्न रुश्द यांचं सगळं आयुष्य या विसंगतीच्या सावलीत गेलं.

त्यांच्याआधी काय घडलं होतं?

इस्लामी जगात तर्काची बाजू घेणारे इब्न रुश्द पहिले नव्हते. आठव्या-नवव्या शतकात इराकमध्ये मुअतजिला नावाचा पंथ उदयाला आला. ईश्वर न्यायी आहे आणि चांगलं-वाईट माणसाच्या बुद्धीला कळू शकतं, असं ते मानत. बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या आश्रयाने ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरं झाली. त्यातून अल-किंदी, अल-फाराबी, इब्न सिना असे तत्त्वज्ञ घडले.

मात्र याच इतिहासात एक अडचणीचं पान आहे. ८३३ मध्ये खलिफा अल-मामून याने मुअतजिलांचं एक मत धर्मपंडितांवर सक्तीने लादलं. कुराण अनादि नसून निर्माण केलेलं आहे, हे ते मत. ते मान्य न करणाऱ्यांच्या चौकश्या झाल्या, काहींना कैद झाली. इब्न हंबल हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. म्हणजे इथे छळ करणारी सत्ता तर्कवाद्यांच्या बाजूची होती. लोकांची सहानुभूती अर्थातच छळ सोसणाऱ्यांकडे गेली.

पुढे १०९५ च्या सुमारास इराणी विद्वान अल-गजाली यांनी तत्त्वज्ञांवर थेट हल्ला चढवला. त्यांच्या ग्रंथाचं नाव ‘तहाफुत अल-फलासिफा’. तत्त्वज्ञांच्या मांडणीतली विसंगती असा त्याचा साधारण अर्थ. त्यात वीस मुद्दे आहेत आणि त्यांतल्या तीन मुद्द्यांवर तत्त्वज्ञ धर्माबाहेर जातात, असं गजालींनी ठरवलं. जग अनादि आहे असं मानणं, ईश्वराला एकेका वस्तूचं वेगळं ज्ञान नसतं असं म्हणणं आणि मृत्यूनंतर शरीर पुन्हा उठणार नाही असं सांगणं, हे ते तीन मुद्दे.

गजाली अडाणी विरोधक नव्हते. गणित आणि तर्कशास्त्र त्यांना मान्य होतं, तत्त्वज्ञान त्यांनी मन लावून वाचलं होतं आणि तत्त्वज्ञांना त्यांच्याच हत्याराने उत्तर द्यायची त्यांची तयारी होती. म्हणूनच त्यांचा घाव वर्मी बसला. गंमत अशी की ११०९ मध्ये कॉर्डोबातच गजालींच्या एका गाजलेल्या धर्मग्रंथाची होळी झाली होती, कारण तिथल्या पारंपरिक काझींना गजालीही नको होते. त्याआधी दहाव्या शतकाच्या अखेरीस याच शहरातल्या राजग्रंथालयातून तत्त्वज्ञानाची पुस्तकं काढून नष्ट करण्यात आली होती. पुस्तकं जाळण्याची सवय या शहराला आधीपासून होती.

खलिफाचा प्रश्न

११५३ च्या सुमारास इब्न रुश्द मोरोक्कोतल्या मराकेश शहरात होते. तिथे त्यांना क्षितिजाजवळ सुहैल नावाचा तारा दिसला. आपण ज्याला अगस्त्य म्हणतो तोच हा तारा. महाराष्ट्रातून हिवाळ्यात दक्षिणेकडे तो सहज दिसतो, पण कॉर्डोबातून दिसत नाही. दक्षिणेला गेल्यावर नवे तारे दिसू लागतात याचा अर्थ पृथ्वी गोल आहे, हा ॲरिस्टॉटलचा युक्तिवाद त्यांना असा डोळ्यांनी पडताळता आला.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारी भेट मात्र पुढे झाली. खलिफा अबू याकूब युसूफ यांच्या दरबारात इब्न तुफैल नावाचे वैद्य होते. निर्जन बेटावर एकटा वाढलेला मुलगा केवळ निरीक्षण आणि विचार यांच्या बळावर सत्यापर्यंत पोहोचतो, अशी तत्त्वज्ञानाची एक कथा त्यांनी लिहिली होती. त्यांनी इब्न रुश्द यांना खलिफांसमोर नेलं.

ओळखपाळख झाली आणि खलिफांनी विचारलं की आकाश अनादि आहे असं तत्त्वज्ञ मानतात की ते कधीतरी निर्माण झालं असं मानतात? इब्न रुश्द घाबरले. गजालींनी ज्या मुद्द्यावर तत्त्वज्ञांना धर्माबाहेर काढलं होतं, तोच हा प्रश्न. आपण तत्त्वज्ञान वाचलेलंच नाही, अशी सारवासारव त्यांनी केली. ते पाहून खलिफा इब्न तुफैल यांच्याकडे वळले आणि प्लेटो काय म्हणतो, ॲरिस्टॉटल काय म्हणतो, मुस्लिम पंडितांचे आक्षेप काय, याची चर्चा स्वतःच करू लागले. तेव्हा कुठे इब्न रुश्द यांची भीड चेपली आणि ते बोलू लागले. जाताना त्यांना पैसे, मानाचं वस्त्र आणि घोडा मिळाला.

काही काळाने इब्न तुफैल यांनी त्यांना बोलावून सांगितलं की ॲरिस्टॉटलची भाषांतरं क्लिष्ट आहेत, ती कोणीतरी सोपी करून सांगावी अशी खलिफांची इच्छा आहे. आपलं वय झालं, हे काम तुम्ही घ्या.

दिवसा न्यायदान, रात्री ॲरिस्टॉटल

११६९ मध्ये इब्न रुश्द सेव्हिलचे काझी झाले. दोन वर्षांनी कॉर्डोबाला त्याच पदावर आले. ११८२ मध्ये इब्न तुफैल यांच्या जागी ते खलिफांचे वैद्य झाले आणि मग आजोबांप्रमाणे कॉर्डोबाचे मुख्य काझी. ही सगळी कामं, सेव्हिल-कॉर्डोबा-मराकेश असा प्रवास आणि जोडीला लेखन, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं.

ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवर त्यांनी तीन प्रकारची भाष्यं लिहिली. नुसता गाभा सांगणारी छोटी, मजकूर आपल्या शब्दांत उलगडणारी मध्यम आणि एकेक उतारा घेऊन त्याचा अर्थ लावणारी मोठी. सगळी मिळून ही भाष्यं तीसहून अधिक आहेत. त्यांना ग्रीक येत नव्हतं. शेकडो वर्षांपूर्वीच्या अरबी भाषांतरांवरच त्यांना विसंबावं लागलं.

याचे तोटेही झाले. ग्रीक नाटक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे शोकांतिका म्हणजे स्तुतिकाव्य आणि सुखात्मिका म्हणजे निंदाकाव्य, असा अर्थ त्यांनी लावला. या चुकीवर पुढे अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांनी एक सुंदर कथा लिहिली. पण तर्कशास्त्र, भौतिक जग आणि मन यांवरची त्यांची भाष्यं इतकी नेमकी होती की युरोपात त्यांना नावाने न ओळखता नुसतं भाष्यकार म्हणण्याची पद्धत पडली.

त्यांनी वैद्यकाच्या मूलतत्त्वांवर ‘कुल्लियात’ हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. १२५५ मध्ये इटलीत त्याचं लॅटिन भाषांतर झालं. ‘बिदायत अल-मुज्तहिद’ हा त्यांचा कायद्याचा ग्रंथ तर इस्लामी कायद्याचे अभ्यासक आजही वाचतात. एखाद्या प्रश्नावर वेगवेगळ्या कायदेपंथांची मतं काय, एवढंच सांगून तो थांबत नाही. मतभेद का झाला, शब्दाच्या दोन अर्थांमुळे की दोन हदीसांमधल्या विरोधामुळे की तुलनेच्या वेगळ्या पद्धतीमुळे, हे तो शोधतो. निकालामागची कारणं उघडी करून दाखवायची, ही त्यांची सवय इथेही दिसते.

तत्त्वज्ञान शिकणं धर्मात बसतं का?

इब्न रुश्द यांचं सर्वांत महत्त्वाचं छोटेखानी पुस्तक म्हणजे ‘फस्ल अल-मकाल’. ते तत्त्वज्ञाने लिहिलं असलं तरी त्याची रचना काझीच्या निवाड्यासारखी आहे. इस्लामी कायद्यात कुठल्याही कृतीबद्दल ती सक्तीची आहे, चांगली आहे, चालण्यासारखी आहे की निषिद्ध आहे, असं विचारलं जातं. इब्न रुश्द यांनी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाबद्दल हाच प्रश्न घेतला.

त्यांचं उत्तर असं. तत्त्वज्ञान म्हणजे जगातल्या गोष्टी पाहून त्यांच्या निर्मात्याचा विचार करणं. कुराण माणसाला सृष्टीकडे पाहून विचार करायला वारंवार सांगतं. मग ज्याची कुवत आहे त्याच्यासाठी हा अभ्यास नुसता चालण्यासारखा नाही, तर कर्तव्य ठरतो.

पण ही विद्या तर परधर्मीय ग्रीकांची, त्याचं काय? यावर त्यांनी रोजच्या व्यवहारातला दाखला दिला. बळी देण्यासाठी सुरी वापरतात तेव्हा ती कोणत्या धर्माच्या माणसाची आहे हे कोणी विचारत नाही, ती नीट चालते की नाही एवढंच पाहतात. तर्काची हत्यारंही तशीच. आधीच्यांचं जे बरोबर असेल ते आनंदाने घ्यावं आणि जे चुकलं असेल ते दाखवून द्यावं. सगळं पहिल्यापासून एकट्याने शोधायला कोणाचंच आयुष्य पुरणार नाही.

तत्त्वज्ञान वाचून काही लोक बिघडले, या आक्षेपालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. पाणी पिताना ठसका लागून एखादा मेला म्हणून तहानलेल्याचं पाणी तोडत नाहीत.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र पुढचा होता. तर्काने सिद्ध झालेली गोष्ट आणि धर्मग्रंथाचा शब्द यांच्यात विरोध दिसला तर? इब्न रुश्द यांच्या मते सत्य सत्याच्या विरोधात जाऊच शकत नाही. त्यामुळे विरोध दिसत असेल तर तिथे शब्दाचा वरवरचा अर्थ सोडून लाक्षणिक अर्थ घ्यावा, अर्थात अरबी भाषेचे नियम सांभाळून. कायद्यात काझी शब्दांचा अर्थ लावतातच, मग तत्त्वज्ञाने लावला तर बिघडलं कुठे? आणि ज्या मुद्द्यांवर विद्वानांचं एकमत कधी झालंच नाही, त्यांवरून कोणाला धर्माबाहेर काढता येत नाही. हा टोला गजालींना होता.

कापूस आणि आग

गजालींना सविस्तर उत्तर त्यांनी ११८० च्या सुमारास दिलं. ग्रंथाचं नावच ‘तहाफुत अल-तहाफुत’, म्हणजे विसंगती दाखवणाऱ्या ग्रंथाचीच विसंगती. गजालींचा मजकूर थोडा थोडा द्यायचा आणि त्याखाली उत्तर लिहायचं, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे विरोधकाचं म्हणणंही वाचकाला पुरतं कळतं.

त्यातला एक वाद आजच्या वाचकालाही लगेच समजेल. कापूस आगीजवळ नेला की जळतो. गजाली विचारतात, आगीने कापूस जाळला हे तुम्ही पाहिलं कुठे? तुम्ही पाहिलं ते एवढंच की आधी आग जवळ आली आणि मग कापूस जळला. जाळणारा खरा ईश्वर आहे आणि त्याने ठरवलं तर कापूस जळणारही नाही.

इब्न रुश्द म्हणतात की असं मानलं तर ज्ञान नावाची गोष्टच उरत नाही. प्रत्येक वस्तूला तिचा स्वभाव असतो, त्यावरूनच तिला नाव मिळतं आणि तिची व्याख्या करता येते. आगीचा जाळण्याचा गुणच काढून घेतला तर तिला आग तरी का म्हणायचं? कारणं शोधणं हेच बुद्धीचं काम आहे. जो कारणं नाकारतो तो बुद्धीच नाकारतो. शिवाय सृष्टीत नियम नसेल तर त्या नियमांवरून शहाण्या निर्मात्याची खूण कशी पटणार? म्हणजे कार्यकारणभाव मानणं ही त्यांच्या लेखी श्रद्धेचीही गरज होती.

जग अनादि असण्याच्या प्रश्नावरही त्यांचं म्हणणं नास्तिकाचं नव्हतं. जग ईश्वरावाचून आहे, असं ते म्हणत नव्हते. ईश्वर कधीच निष्क्रिय नव्हता, त्याची निर्मिती सतत चालूच आहे, अशी त्यांची मांडणी होती.

स्त्रियांबद्दलचं मत

ॲरिस्टॉटलचा राज्यशास्त्रावरचा ग्रंथ त्यांना मिळाला नाही. म्हणून त्यांनी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वर भाष्य केलं. त्याची अरबी प्रत हरवली, पण चौदाव्या शतकातलं हिब्रू भाषांतर टिकलं.

त्यात एक धारदार निरीक्षण आहे. आपल्या शहरांत स्त्रियांच्या क्षमता कळतच नाहीत, कारण त्यांना फक्त मुलं जन्माला घालण्यासाठी आणि ती वाढवण्यासाठी ठेवलं जातं. निम्मी माणसं अशी बाजूला ठेवली की उरलेल्यांवर त्यांचं ओझं पडतं आणि शहरं गरीब राहतात. स्त्रियांमध्येही तत्त्वज्ञ आणि राज्यकर्त्या होऊ शकतात, असं ते मानत. बाराव्या शतकातल्या एका काझीने स्त्रियांच्या स्थितीचा संबंध गरिबीशी जोडला, हे विशेष.

मशिदीतून हाकललं तो दिवस

११८४ मध्ये खलिफा युसूफ पोर्तुगालच्या मोहिमेत जखमी होऊन वारले. त्यांचा मुलगा याकूब अल-मन्सूर गादीवर आला. सुरुवातीची दहा वर्षं त्यानेही इब्न रुश्द यांचा मान ठेवला.

११९५ मध्ये हवा फिरली. उत्तरेच्या ख्रिस्ती राज्यांशी युद्ध पेटलं होतं. त्याच वर्षी अलार्कोसच्या लढाईत अल-मन्सूरला मोठा विजय मिळाला. युद्धाच्या काळात सनातनी पंडित आणि जनता आपल्या पाठीशी हवी म्हणून त्याने तत्त्वज्ञांचा बळी दिला, असं बरेच इतिहासकार मानतात. दरबारातल्या मत्सराच्या कथाही सांगितल्या जातात. कारण काहीही असो, कॉर्डोबात इब्न रुश्द यांच्या विचारांची चौकशी झाली आणि ते दोषी ठरले. तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला. वैद्यक, हिशेब आणि नमाजाच्या वेळा काढण्यापुरतं खगोल एवढ्याच विषयांची पुस्तकं वाचली. कॉर्डोबाजवळच्या लुसेना या छोट्या गावात त्यांची रवानगी झाली. एके काळी ते ज्यूंचं गाव म्हणून प्रसिद्ध होतं.

तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते. मुलासोबत नमाजासाठी मशिदीत गेले असता काही लोकांनी दोघांना हुसकावून लावलं आणि या सगळ्या प्रकरणात तोच प्रसंग त्यांच्या सर्वांत जास्त जिव्हारी लागला, असं चरित्रकार सांगतात. आजोबांनी इमाम म्हणून आणि स्वतः मुख्य काझी म्हणून ज्या शहरात मान मिळवला, तिथली ही गोष्ट.

दोन-तीन वर्षांत राजाची मर्जी पुन्हा फिरली. त्यांना मराकेशला बोलावून घेण्यात आलं. पण आयुष्य उरलं नव्हतं. डिसेंबर ११९८ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. आधी मराकेशमध्ये दफन झालं आणि सुमारे तीन महिन्यांनी पार्थिव कॉर्डोबाला हलवलं. सूफी संत इब्न अरबी यांनी ते दृश्य पाहिलं आणि लिहून ठेवलं. खेचराच्या एका बाजूला शवपेटी होती आणि दुसऱ्या बाजूला भार सारखा व्हावा म्हणून त्यांची पुस्तकं बांधली होती.

पुस्तकं पॅरिसला पोहोचली

पुस्तकांचा प्रवास मात्र तिथे थांबला नाही. ज्यू विद्वानांनी ती हिब्रूत नेली. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात मायकेल स्कॉट आणि इतरांनी ती लॅटिनमध्ये आणली. लॅटिनमध्ये त्यांचं नाव ॲव्हेरोइस झालं. मनाविषयीच्या ग्रंथावरचं त्यांचं मोठं भाष्य तर आज मुख्यतः लॅटिन भाषांतरामुळेच आपल्या हाती आहे.

पॅरिस विद्यापीठात ॲरिस्टॉटल शिकायचा तर इब्न रुश्द यांचं भाष्य शेजारी हवंच, अशी परिस्थिती झाली. सिजर ऑफ ब्राबांट यांच्यासारखे शिक्षक त्यांच्या मार्गाने विचार करू लागले. थॉमस ॲक्वायनस यांनी त्यांच्याकडून खूप घेतलं आणि १२७० मध्ये त्यांच्या एका सिद्धांताविरुद्ध पुस्तकही लिहिलं. सर्व माणसांची बुद्धी एकच आहे, हा तो सिद्धांत. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली, त्यांतली बरीच या मंडळींना उद्देशून होती. तत्त्वज्ञानाचं सत्य वेगळं आणि धर्माचं वेगळं, हे दुहेरी सत्याचं मत त्यांच्या नावावर खपवलं गेलं ते याच काळात. प्रत्यक्षात त्यांचं म्हणणं याच्या उलट होतं.

दान्तेने आपल्या महाकाव्यात त्यांना थोर परधर्मीयांच्या रांगेत बसवलं. राफाएलने व्हॅटिकनमधल्या प्रसिद्ध भित्तिचित्रात ग्रीक तत्त्वज्ञांच्या मेळ्यात पागोटं घातलेला माणूस रंगवला, तो इब्न रुश्दच मानला जातो. आणि कोकण-गोव्यात जे करंबळ किंवा कमरख आपण मीठ लावून खातो, त्याचं शास्त्रीय नाव ॲव्हेरोआ कॅरंबोला आहे. लिनियसने या झाडांच्या प्रजातीला या वैद्य-तत्त्वज्ञाचं नाव दिलं.

त्यांच्यानंतर इस्लामी जगात तर्क संपला का?

इब्न रुश्द गेले आणि इस्लामी जगातलं तत्त्वज्ञान संपलं, असं अनेकदा लिहिलं जातं. १८५२ मध्ये फ्रेंच विद्वान अर्नेस्ट रेनाँ यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हा समज पक्का झाला. पण तो अर्धवट आहे. इराणात तत्त्वज्ञान शतकानुशतकं चालू राहिलं. नसीरुद्दीन तूसी, इब्न अल-शातिर यांच्यासारख्यांनी खगोलात मोठी कामं केली. भारतातही लखनौच्या फिरंगी महलातून अठराव्या शतकात पसरलेल्या दर्स-ए-निजामी अभ्यासक्रमात तर्कशास्त्राला मोठी जागा होती. ही परंपरा मुख्यतः इब्न सिना यांच्या वाटेने गेली. इब्न रुश्द यांचं नाव मात्र त्यांच्याच जगात मागे पडलं.

ते परत आलं विसाव्या शतकात. १९०२-०३ मध्ये फराह अंतून आणि इजिप्तचे सुधारक मुहम्मद अब्दुह यांच्यात त्यांच्यावरून गाजलेला वाद झाला. धर्म आणि राज्य वेगळे हवेत, असं ख्रिस्ती कुटुंबातल्या अंतून यांचं म्हणणं होतं. इस्लाम मुळातच बुद्धीला मानतो, असं अब्दुह यांचं. १९९७ मध्ये इजिप्तचे दिग्दर्शक युसूफ शाहीन यांनी ‘अल-मसीर’ हा चित्रपट काढला. त्यात धर्मांधांच्या हाती सापडलेले इब्न रुश्द आहेत. मोरोक्कोचे विचारवंत मुहम्मद आबिद अल-जाबरी यांनी तर अरब विचाराला पुढे जायचं असेल तर या वाटेने जावं लागेल, अशी मांडणी केली.

आज काय घ्यायचं आणि काय सोडायचं?

इब्न रुश्द यांना आजच्या अर्थाने पुरोगामी ठरवणं सोपं आहे, पण खरं नाही. लाक्षणिक अर्थ फक्त विद्वानांसाठी, सामान्यांना तो सांगू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. माणसांचे त्यांनी तीन वर्ग केले होते. सिद्धतेने पटणारे, वादविवादाने पटणारे आणि वक्तृत्वाने पटणारे. बहुतेक माणसं तिसऱ्या वर्गात, असं ते धरून चालत. गजालींवर त्यांचा मोठा राग होता तोही यासाठीच की त्यांनी विद्वानांचे वाद चव्हाट्यावर आणले.

या भूमिकेची किंमत त्यांनाच मोजावी लागली. जनतेला विचारात सामील करून घ्यायचं नाही म्हटल्यावर विचाराला आधार उरतो तो राजाच्या मर्जीचा. खलिफा युसूफ होते तोवर मानाचं वस्त्र मिळालं, मुलाला युद्धासाठी वेगळे मित्र हवे झाले तेव्हा पुस्तकं जळली. मशिदीतून त्यांना हुसकावणारे लोक तेच होते, ज्यांच्याशी या विषयावर बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पॅरिसमध्येही बंदी आली, पण तिथे विद्यापीठ होतं. शिक्षक बदलले, बिशप बदलले तरी ॲरिस्टॉटलचा पाठ चालू राहिला. इटलीतल्या पादुआमध्ये तर त्यांचे अनुयायी सोळाव्या शतकापर्यंत शिकवत होते. बगदादमध्ये तर्कवाद सत्तेच्या जोरावर लादला गेला तेव्हा तो हरला, कॉर्डोबात सत्तेच्या आश्रयावर राहिला तेव्हा उघडा पडला. जिथे त्याला स्वतःच्या संस्था मिळाल्या तिथे तो टिकला.

तरीही त्यांच्याकडून घेण्यासारखं बरंच उरतं. ज्ञान कोणाकडून आलं यापेक्षा ते खरं आहे का, हे पाहावं. विरोधकाचं म्हणणं पूर्ण मांडून मगच उत्तर द्यावं. मतभेदावरून कोणाला धर्माबाहेर, म्हणजे आजच्या भाषेत समाजाबाहेर, काढू नये. आणि श्रद्धाळू माणसाला विचार करण्यासाठी श्रद्धा सोडावी लागत नाही, तसंच श्रद्धा टिकवण्यासाठी विचारही सोडावा लागत नाही. हे त्यांनी बाहेरून टीका म्हणून सांगितलं नाही, धर्माच्या न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून निवाडा म्हणून सांगितलं.

कॉर्डोबाच्या जुन्या तटबंदीपाशी आज त्यांचा पुतळा आहे. शवपेटीच्या वजनाला म्हणून खेचरावर लादलेली ती पुस्तकं मात्र जगभरच्या ग्रंथालयांत आहेत, बरीचशी अशा भाषांमध्ये ज्या त्यांना स्वतःला येत नव्हत्या.